न आलेल्या अंकाचे रसिक

सुपरहिरो कॉमिक्सच्या चाहत्याला आज कॉमिक्सपेक्षा कॉमिक्सच्या बातम्या अधिक प्रिय झाल्या आहेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. हा नुसता आवडीनिवडीचा प्रश्न असता तर आम्ही त्यावर शाई खर्च केली नसती.

डीसी आणि मार्व्हल ह्या अमेरिकन प्रकाशनसंस्था आगामी अंकांची यादी दोन-तीन महिने आधी जाहीर करतात. मुखपृष्ठ, लेखक-चित्रकारांची नावे आणि चार-पाच ओळींचा मजकूर. ह्या मजकुराची शैली ठरीव आहे : कोणी तरी परतणार, कोणी तरी मरणार आणि त्यानंतर काहीही पूर्वीसारखे राहणार नाही. (हे शेवटचे आश्वासन इतक्यांदा दिले गेले आहे, की काहीही बदलणार नसल्याची हमी म्हणूनच ते वाचावे.)

ह्या यादीमागे एक व्यवहार आहे. १९७०च्या दशकात फिल सूलिंग ह्यांनी रुजवलेल्या विक्रीपद्धतीत दुकानदाराला चांगली सवलत मिळते. मात्र न खपलेल्या प्रती परत करता येत नाहीत. साहजिकच तो गिऱ्हाइकाला आगाऊ मागणी नोंदवायला सांगतो. नव्या मालिकेच्या दुसऱ्या-तिसऱ्या अंकाची मागणी पहिला अंक कोणी वाचण्याआधीच द्यावी लागते. म्हणजे निकाल आधी, वाचन नंतर. बॅटमन ह्यातून सहज तरतो. मरते ती अनोळखी नायिका, जिच्या नावावर चार ओळींत काहीच विकता येत नाही. दोन दशकांहून अधिक काळ ही यादी डायमंड ह्या वितरकाच्या (चाचा चौधरीवाले डायमंड नव्हे) 'प्रीव्ह्यूज' नावाच्या जाडजूड मासिक सूचीतून येई. २०२०मध्ये डीसीने आणि २०२१मध्ये मार्व्हलने वेगळी वाट धरली. जानेवारी २०२५मध्ये डायमंडने दिवाळखोरीचा अर्ज केला. वितरक कोसळला, सवय शाबूत राहिली.

ह्या सवयीने कथेचे काय होते? जुलै २०१८मध्ये 'बॅटमन'च्या पन्नासाव्या अंकात बॅटमन आणि कॅटवुमन ह्यांचा विवाह व्हायचा होता. महिनोन् महिने जाहिरात झाली, पूर्वरंगाचे स्वतंत्र अंक निघाले, दुकानदारांनी समारंभ योजले. विवाह होत नाही, हे वाचकाला कळले ते मात्र अंक येण्याच्या तीन दिवस आधी, 'न्यूयॉर्क टाइम्स'मधून. २०२३मध्ये जर्सी सिटीच्या कमला खानचा, म्हणजे मिस मार्व्हलचा, मृत्यू असाच आधी फुटला आणि प्रकाशकांनी त्याला दुजोराही दिला. तो मृत्यू उचित की अनुचित, ह्यावर हिरिरीने वाद झाले. ज्यावर वाद चालला होता ते पान तेव्हा विक्रीलाच आले नव्हते! ३१ मे रोजी अंक आला आणि जुलैअखेर कमला परतलीही. शोक करायला उसंत कुठे होती?

ह्यावर कोणी म्हणेल, उत्कंठा हा तर क्रमशः कथेचा प्राणच. 'करमणूक'मधून हरिभाऊ आपट्यांची कादंबरी प्रकरणाप्रकरणाने वाचणारे वाचकही पुढल्या अंकाची वाटच पाहत. युक्तिवाद वरवर बिनतोड आहे. पण ती प्रतीक्षा वाचून झालेल्या प्रकरणातून उपजलेली होती. यमूची काळजी वाटायला यमूची ओळख व्हावी लागते. पूर्वझलकेने चेतवलेल्या उत्कंठेला मागच्या अंकाची गरजच नसते. किंबहुना मागचा अंक जितका लवकर विसरला जाईल तितके तिला सोयीचे.

ह्याची टोकाची अवस्था नोव्हेंबर १९९२मध्येच दिसली होती. गाजावाजा करून सुपरमॅनला मारले गेले, तो ७५वा अंक काळ्या सीलबंद पिशवीत विकला गेला. पुढे किंमत येईल ह्या आशेने कित्येकांनी ती पिशवी उघडलीच नाही. प्रती लक्षावधी छापल्या गेल्याने किंमत काही आली नाही आणि सुपरमॅन १९९३मध्येच परतला.

समीक्षकांनीही ह्या घाईला साथ द्यावी, ह्याला मात्र आमची हरकत आहे. पाच नमुनापानांवरून मालिकेचे मूल्यमापन करणे म्हणजे निमंत्रणपत्रिकेवरून संसाराचे भाकीत करणे होय. कॉमिक्स आता अभ्यासक्रमात शिरू पाहत आहेत. विद्यार्थ्यांनी निदान वर्षभरापूर्वी निघालेला, सर्व बातम्या शिळ्या झालेला एखादा अंक घ्यावा आणि त्यातील चौकटी, मौन, रेषा ह्यांविषयी लिहावे. तो आता सवलतीतही मिळेल.