स्कायलाइन हवीय? २०४९ पर्यंत थांबा!

रात्री दोन वाजता ग्रुपवर कुणीतरी रील टाकतं. निस्सान स्कायलाइन आर-३४, मागे टोकियोचे दिवे, खाली कॅप्शन 'वन डे'. त्यावर दहा बदामी इमोजी आणि एक प्रश्न हमखास येतो, 'भावा, इंडियात आणता येते का रे?'

खरं सांगू? पैसे असले तरी नाही.

अमेरिकेतल्या पोरांनाही बरीच वर्षं हेच उत्तर मिळायचं. 'टू फास्ट टू फ्युरिअस'मधली चंदेरी स्कायलाइन त्यांनी २००३ मध्ये पडद्यावर पाहिली, पण तिकडच्या सुरक्षा निकषांत न बसणारी गाडी आणायची तर ती २५ वर्षांची व्हावी लागते. आर-३४ जीटी-आर आली १९९९ च्या जानेवारीत, म्हणजे पहिल्या गाड्या २०२४ मध्ये सुटल्या. त्यातही गाडी नेमकी कुठल्या महिन्यात बनली ते बघतात. शेजारच्या कॅनडात तर १५ वर्षं पुरतात.

आता आपल्याकडे या. सेकंडहँड गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नको, स्टिअरिंग उजवीकडे हवं आणि उतरवायची मुंबई बंदरातच. दुसरं दार व्हिंटेजचं. आधी ते फक्त १९५० पूर्वीच्या गाड्यांना उघडं होतं. २०२५ मध्ये ५० वर्षांहून जुन्या गाड्यांना परवान्याशिवाय मोकळीक मिळाली, तीही हौसेपुरती, विकायला नाही. म्हणजे तीन ते पन्नास या वयाची गाडी लटकली! आर-३४ जीटी-आरचा नंबर लागणार २०४९ मध्ये. आज विशीत असाल, तर तेव्हा चाळिशी ओलांडलेली असेल. होम लोन वेगळं.

मला हे वय चुकीचं वाटतं. जुन्या गाड्यांची जागतिक संघटना 'फिवा' तीस वर्षांच्या गाडीला ऐतिहासिक म्हणते. आपण पन्नास कुठून आणले? धुराची भीती, भंगार येऊन पडेल ही भीती, दोन्ही खऱ्या आहेत. कुणी कंटेनर भरभरून जुन्या डिझेल गाड्या आणाव्यात असं मीही म्हणणार नाही. पण त्यावरचा उपाय नियमातच पडून आहे. २०२१ पासून व्हिंटेज गाडीची वेगळी नोंदणी होते, नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात, नव्या नोंदणीला २० हजार रुपये लागतात. ती रोज कॉलेजला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल आणि दुरुस्ती, बस्स. हीच अट तीस वर्षांच्या गाडीला लावा ना! रस्त्यावर येणारच नाही, तर धूर किती करणार?

दार बंद असलं की लोक खिडकी शोधतात. सप्टेंबर २०२५ मध्ये केरळात कस्टम्सने 'नुमखोर' नावाची मोहीम काढली, भूतानमार्गे बेकायदा आणल्याच्या संशयावरून महागड्या गाड्या जप्त केल्या. त्यामुळे 'पेपर्स क्लिअर आहेत, ईशान्येचा नंबर आहे' असं म्हणत कुणी स्वस्तात परदेशी क्लासिक दाखवली, तर आधी तिची कस्टम्सची कागदपत्रं मागा. नसतील तर फोटो काढा आणि निघा. गाडी जप्त झाली की पैसे विकणारा परत देत नाही. आणि हो, दुबईचा नंबर लावून कोचीत फिरणाऱ्या गाड्या रीलमध्ये दिसतात, त्यातल्या बऱ्याच 'कार्ने'वर आलेल्या पाहुण्या असतात. कार्ने म्हणजे गाडीचा पासपोर्ट. मुदत संपली की परत जायचं.

तोवर काय? परदेशातून आलेली एक क्लासिक आपल्या गल्लीत होतीच की. इटलीच्या फियाट ११०० वरून कुर्ल्यात बनलेली पद्मिनी! तिची काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेली, तेव्हा आपण स्टोरी टाकल्या आणि विसरलो. एखादी अजून कुणाच्या अंगणात ताडपत्रीखाली उभी असेल. काकांना विचारून बघा, तिला कस्टम ड्युटी नाही.