कोडच्या आधी केसपेपर

धानाच्या बांधीत नाग चावला आणि माणसाला सरकारी दवाखान्यात आणले, की केसपेपरवर ‘सर्पदंश’ लिहून आपले काम भागते. अमेरिकेतल्या रुग्णालयाचे बिल तेवढ्यावर निघत नाही. तिथे नागाच्या विषाला टी ६३.०४ असा वेगळा कोड आहे आणि रॅटलस्नेकच्या विषाला टी ६३.०१. पुढचा आकडा सांगतो, दंश अपघाताने झाला की कुणी घडवून आणला. शेवटचे अक्षर सांगते, रुग्णावर प्रत्यक्ष उपचार चालू आहेत की तो नंतरच्या तपासणीला आला आहे. सगळे मिळून होते टी ६३.०४१ए. यातले एक अक्षर चुकले तरी विमा कंपनीला दावा परत पाठवायला निमित्त मिळते.

हे कोड लावणारे बरेच लोक अमेरिकेत नसतात. ते चेन्नईत, हैदराबादेत, बेंगळुरूत आणि आपल्या पुण्यात, नवी मुंबईत बसतात. बीएस्सी, बी. फार्म., नर्सिंग, बीएचएमएस झालेल्यांना हे काम करणाऱ्या कंपन्यांत प्रवेश मिळतो. म्हणून भंडारा, तुमसर, साकोली, लाखनीच्या घरांतही आता हा विषय निघू लागला आहे. मुलगी बीएस्सी झाली, पुढे शिकवायला हातात पैसा नाही, स्पर्धा परीक्षेत दोन-तीन वर्षे गेली. अशा वेळी तीन महिन्यांत मेडिकल कोडिंग शिकवून ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ देणारी जाहिरात मोबाइलवर येते. फी भरावी की भरू नये, असे पालक विचारतात.

माझे उत्तर असे : काम चांगले आहे, पण ते मुळात केसपेपर वाचण्याचे काम आहे. जो क्लास वाचायला न शिकवता आकडे घोकून घेतो, त्याची फी पाण्यात जाते. आणि या विद्येची गरज टेक्सासला आहे तेवढीच तुमसरलाही आहे. म्हणून ती शिकवण्याची सोय जिल्ह्यातच व्हायला हवी.

आधी कामाचे स्वरूप पाहू. डॉक्टर रुग्णाला तपासतो आणि टिपण लिहितो. कोडर ते टिपण वाचून आजाराला आयसीडी-१०-सीएमचा कोड लावतो, आणि जे केले त्याला, म्हणजे तपासणी, टाके, शस्त्रक्रिया यांना, सीपीटीचा पाच आकडी कोड. औषधे, साधने वगैरेंसाठी एचसीपीसीएस हे तिसरे पुस्तक. मग बिलिंगवाले दावा तयार करून विमा कंपनीकडे पाठवतात. दावा नाकारला गेला तर एआर कॉलर अमेरिकेतल्या विमा कंपनीला फोन लावून कारण विचारतो. तिथला दिवस म्हणजे आपली रात्र, त्यामुळे हे काम रात्रपाळीचे आणि अस्खलित इंग्रजी बोलण्याचे. कोडिंगला बोलण्यापेक्षा वाचणे अधिक लागते आणि ते दिवसाही चालते. दोन्ही कामे मानाची आहेत, पण ती एकच नाहीत. कोडिंगच्या नावाने फी घेऊन मुलाला कॉलिंगच्या खुर्चीत बसवले, तर प्लेसमेंटचा शब्द कागदावर खरा ठरतो आणि मुलगा मात्र फसतो.

या क्षेत्रात सर्वाधिक मान असलेली परीक्षा म्हणजे अमेरिकेतल्या एएपीसी या संस्थेची सीपीसी. ही संस्था १९८८ साली स्थापन झाली. परीक्षेत १०० प्रश्न असतात, वेळ ४ तास, आणि उत्तीर्ण होण्यासाठी ७० टक्के लागतात. पुस्तके समोर ठेवून परीक्षा देता येते, यावरूनच पाठांतराला इथे किती किंमत आहे ते कळावे. प्रश्नामागे अडीच मिनिटांहून कमी वेळ मिळतो. तेवढ्यात परिच्छेद वाचायचा, नेमके काय झाले ते ओळखायचे आणि योग्य पान उघडायचे. अनुभव नसलेल्या उमेदवाराच्या प्रमाणपत्रापुढे ‘ए’ हे अक्षर लागते, ते शिकाऊपणाचे. अनुभव दाखवला की ते निघते.

जाहिरातीत सहसा नसणाऱ्या दोन गोष्टीही सांगतो. या परीक्षेला बसायला कुठल्याही क्लासचे प्रमाणपत्र सक्तीचे नाही. संस्थेचे सदस्यत्व आणि परीक्षेची फी तेवढी लागते. दुसरे, पुस्तके दर वर्षी बदलतात. आजारांचे नवे कोड १ ऑक्टोबरपासून लागू होतात, सीपीटीचे १ जानेवारीपासून. तीन वर्षांपूर्वीच्या झेरॉक्सवर शिकवणारा क्लास मुलांना रद्द झालेले कोडही शिकवत असतो.

आता वाचण्याबद्दल. अमेरिकेतला एक नियम घ्या. बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरने ‘बहुधा’, ‘शंका आहे’, ‘नाकारता येत नाही’ असे लिहिले असेल, तर त्या आजाराचा कोड लावायचा नाही, लक्षणाचा लावायचा. पावसाळ्यानंतर ताप घेऊन आलेल्या माणसाच्या कागदावर ‘स्क्रब टायफसची शंका’ असेल, तर कोड तापाचा, आर ५०.९. स्क्रब टायफसचा ए ७५.३ निदान पक्के झाल्यावरच. उलट, रुग्ण दाखल होता आणि रुग्णालयातून सुटताना डॉक्टरने ‘बहुधा’ असे लिहिले, तर साधारणपणे तो आजार होता असे धरूनच कोड लावतात. शब्द तोच, पण कागद कुठल्या विभागातला आहे यावर उत्तर बदलते. हा फरक समजायला शरीररचना यावी लागते, औषधांची नावे ओळखता यावी लागतात, आणि डॉक्टरच्या तुटक इंग्रजीतून अर्थ काढता यावा लागतो. प्राणिशास्त्र घेऊन बीएस्सी झालेली मुलगी यात पुढे असते. जी गोष्ट ती तीन वर्षे शिकली तिलाच इथे भाव आहे, आणि गावातल्या पालकांनी हे ओळखायला हवे.

एक जुना धडाही विसरू नये. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मेडिकल ट्रान्स्क्रिप्शनची अशीच लाट आली होती. अमेरिकी डॉक्टरांचे बोलणे ऐकून ते टाइप करायचे, घरबसल्या डॉलर, आणि शहरोशहरी क्लास. पुढे आवाजाचे अक्षरांत रूपांतर करणारी सॉफ्टवेअरे आली आणि नुसते टाइप करणाऱ्यांची गरज झपाट्याने घटली. मजकूर तपासून चुका पकडणारे मात्र टिकले. कोडिंगमध्ये तेच घडू लागले आहे. सोप्या टिपणांना कोड सुचवण्याचे काम संगणक करतो. छातीचा एक्स-रे, साधी तपासणी असल्या कामांवर नवख्यांचे हात बसत; ती कामे यंत्राकडे सरकली की नवख्यांची दारे अरुंद होतात. संगणकाने सुचवलेला कोड चुकीचा का, हे टिपणातल्या ओळीवर बोट ठेवून सांगू शकणारा ऑडिटर मात्र लागणारच. तीन महिन्यांत आकडे घोकून त्या खुर्चीपर्यंत पोचता येत नाही.

इथवर अमेरिकेची गोष्ट झाली. पण आजारांचे हे वर्गीकरण बिलांसाठी जन्मलेले नाही. जाक बर्तियाँ या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाने १८९३ मध्ये मृत्यूच्या कारणांची यादी मांडली, ती माणसे कशाने मरतात हे मोजता यावे म्हणून. पुढे ती जागतिक आरोग्य संघटनेकडे गेली, आणि २०२२ पासून तिची अकरावी आवृत्ती लागू आहे. निदानावर पैसे ठरवण्याची अमेरिकी सरकारी विम्यातली पद्धत १९८३ ची, म्हणजे बर्तियाँच्या नव्वद वर्षांनंतरची. मोजण्याचे मूळ काम मात्र आपल्या जिल्ह्यात अजून व्हायचेच आहे.

सिकलसेल घ्या. पूर्व विदर्भाचा हा जुना आजार. वाहक असलेल्या माणसाचा कोड डी ५७.३ आणि प्रत्यक्ष रुग्णाचा, तीव्र वेदनेचा झटका नसताना, डी ५७.१. फरक एका आकड्याचा, पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलच्या रुग्णाला स्थान आहे, वाहकाला नाही. कागदावर नुसते ‘सिकल पॉझिटिव्ह’ लिहिले तर रुग्णाचा हक्क अडतो आणि निरोगी वाहकाच्या लग्नात विनाकारण विघ्न येते. जुलै २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. तिचे यश जेवढे रक्त तपासण्यावर, तेवढेच तपासणीचा निकाल नीट नोंदण्यावर अवलंबून आहे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचेही तसेच. २०१२ साली आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी म्हणून सुरू झालेल्या या योजनेचे नाव २०१७ मध्ये बदलले. २०२३ च्या शासन निर्णयाने संरक्षण कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंत गेले आणि उपचारांची संख्या १३५६ झाली. प्रत्येक उपचाराला पॅकेजचा कोड आहे. आधी मंजुरी, मग उपचार, मग दावा, आणि कागदात खोट निघाली की ‘क्वेरी’. अंगीकृत रुग्णालयातल्या टेबलावरचा आरोग्यमित्र आणि दाव्याचे कागद लावणारा कर्मचारी वेगळ्या नावाने बिलिंगचेच काम करत असतात. क्वेरी लांबली की रुग्णालयाचे पैसे अडतात. असे वारंवार झाले की खासगी रुग्णालयाचा योजनेतला रस कमी होतो, आणि मग पवनीच्या माणसाला नागपूर गाठावे लागते.

मृत्यूच्या दाखल्याकडे या. रुग्णालयातल्या मृत्यूसाठी डॉक्टर नमुना ४ भरतो, रुग्णालयाबाहेरच्या मृत्यूसाठी ४अ. त्यात मृत्यूकडे नेणारी कारणांची साखळी लिहायची असते. ‘हृदयक्रिया बंद पडली’ हे कारण नव्हे, ती प्रत्येक मृत्यूतच बंद पडते. तरीही तेच लिहिण्याची सवय जात नाही. रोवणीच्या दिवसांत साप चावून शेतकरी गेला, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत त्याच्या घरच्यांना २ लाख रुपये मिळू शकतात. त्यासाठी मृत्यू सर्पदंशाने झाला, हे कागदाने सांगावे लागते. दाखल्यावर नुसते हृदय थांबल्याचे असेल, तर त्या घराला तालुक्याला खेटे घालावे लागतात.

म्हणून माझी मागणी अशी. भंडाऱ्याला आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातल्या आणखी नऊ नव्या महाविद्यालयांबरोबर त्याचे उद्घाटन झाले. तिथे शरीररचना शिकवणारे प्राध्यापक आहेत, आणि संलग्न रुग्णालयात अभिलेख विभाग असतोच. आरोग्य माहिती व्यवस्थापनाला २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसाय कायद्याने व्यवसाय म्हणून मान्यताही दिली आहे. महाविद्यालय, जिल्हा कौशल्य विकास कार्यालय आणि जिल्ह्यातली विज्ञान महाविद्यालये यांनी मिळून सहा महिन्यांचा अभ्यासक्रम चालवावा. पहिले दोन महिने शरीर, आजार आणि वैद्यकीय इंग्रजी. पुढचे दोन महिने नावे झाकलेले आपले केसपेपर, सिकलसेलच्या नोंदी, योजनेचे दावे, मृत्यूचे दाखले. शेवटचे दोन महिने अमेरिकी पुस्तके, ज्याला सीपीसी द्यायची आहे त्याच्यासाठी. पैसे जिल्हा नियोजन समितीने द्यावेत. एका छोट्या रस्त्याच्या डांबरीकरणाहून हा खर्च मोठा नसेल.

यावर आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे : इथल्या रुग्णालयांत अशा जागा थोड्या, त्याही कंत्राटी, पगार तुटपुंजा, शिकलेली मुले शेवटी पुण्याला किंवा हैदराबादलाच जाणार. जाऊ देत. सहा महिने खरे कागद वाचलेला उमेदवार तिथल्या मुलाखतीत पहिल्या पाच मिनिटांत ओळखू येतो. आणि ज्यांना घर सोडता येत नाही, विशेषतः मुली, त्यांच्यासाठी तालुक्याच्या ठिकाणी अशी कामे उभी राहणे ही जिल्ह्याचीच गरज आहे. दाव्यांतल्या क्वेरी कमी झाल्या तर वाचलेल्या पैशातून या पगारांची सोय लावता येते. सरकारने हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

सरकार हलेपर्यंत मुले थांबणार नाहीत, ते मला कळते. क्लासला जाणारच असाल तर फी भरण्याआधी पाच प्रश्न विचारा. पुस्तके कुठल्या वर्षाची आहेत? शरीररचना कोण शिकवतो आणि त्याचे शिक्षण काय? किती टिपणे आम्ही स्वतः कोड करू आणि चुका कोण तपासेल? परीक्षेची फी यात धरली आहे का? नोकरी कोडिंगची की कॉलिंगची, आणि ते लेखी द्याल का? उत्तरे टाळली गेली तर उठून या. आणि पहिल्या महिन्यात काय शिकवता असे विचारल्यावर ‘कोड’ असे उत्तर आले, तर पैसे खिशातच राहू द्या. तेवढ्या पैशात बीएस्सीच्या शरीरक्रियाशास्त्राची उजळणी, चालू वर्षाची पुस्तके आणि परीक्षेच्या फीचा मोठा भाग निघू शकतो.