जर्मनीची ओढ

मांजर्लीतील आमच्या शेजारची परिचारिका पहाटेच्या लोकलने मुंबईस कामाला जाते आणि रात्री जर्मन भाषेचे धडे गिरवते. तिच्या मामाच्या पिढीस परदेश म्हणजे आखात एवढेच ठाऊक होते. मग ही नवी ओढ आली कोठून?

महत्त्वाकांक्षेतून, हे उत्तर सोपे आहे. पण ते पुरत नाही. १९७३ नंतर तेलाचे भाव भडकले, आखातात बांधकामे निघाली, आणि मगच रत्नागिरीच्या खेड्यांना दुबई-कुवेत जवळचे वाटू लागले. पहिला गेला, त्याची पत्रे आणि त्याने बांधलेले घर पाहून दुसरा निघाला. आज जर्मनीत वृद्ध वाढत आहेत, काम करणारे हात कमी पडत आहेत. म्हणून २०२४ च्या फेब्रुवारीत बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याने कुशल मनुष्यबळासाठी महाराष्ट्राशी करार केला. त्याच वर्षी ऑक्टोबरात जर्मनीने भारतीय कुशल कामगारांच्या व्हिसांची संख्या २०,००० वरून ९०,००० करण्याचे ठरविले. आधी तेथील गरज, नंतर येथील इच्छा, असा हा क्रम आहे.

कंत्राटी पगारावर राबणाऱ्या या मुलीला देशप्रेमाचे धडे देण्याचा अधिकार आपणांस नाही. प्रश्न शासनाला आहे. तिच्या शिक्षणाचा भार तिच्या घराने व या समाजाने उचलला. त्याचे फळ जर्मनीस मिळणार. तिला पाठविण्यास जी तत्परता दिसते, ती येथील रुग्णालयांतील पदे कायमस्वरूपी भरण्यात का दिसू नये? आणि ती जाणारच असेल, तर नोकरीच्या करारनाम्याची मराठी प्रत सहीपूर्वी तिच्या हाती पडलीच पाहिजे.