कर्त्याचा निरोप आणि चाहत्यांचा शोक

एखाद्या खेळाचा रचनाकार आपली संस्था सोडून गेला आणि त्या वार्तेने हजारो तरुण अस्वस्थ झाले, तर त्याची दखल वृत्तपत्राने घ्यावी काय? प्रथमदर्शनी या प्रश्नाचे उत्तर नकारार्थीच येईल. परीक्षा, नोकरी, पाणी आणि बाजारभाव यांच्या विवंचनेत असलेल्या नगर जिल्ह्यातील वाचकाला तर हा विषय फारच दूरचा वाटेल. परंतु संगणकावरील डावपेचांचे खेळ आता येथील महाविद्यालयीन मुलांनाही अपरिचित राहिलेले नाहीत. आणि अशा प्रसंगी चाहत्यांत ज्या प्रतिक्रिया उमटतात, त्यांमागची मनोवृत्ती तर या जिल्ह्याच्या, किंबहुना साऱ्या महाराष्ट्राच्या, चांगल्याच ओळखीची आहे. म्हणून विषय वरवर क्षुल्लक वाटला तरी त्याच्या मुळाशी जाणे अगत्याचे ठरते.

अमेरिकेतील मेरीलँड राज्यात फिरॅक्सिस नावाचा स्टुडिओ आहे. बुद्धिबळाप्रमाणे एकेक चाल विचारपूर्वक करावयाच्या खेळांसाठी तो प्रसिद्ध आहे. परग्रहावरील आक्रमकांशी झुंजणाऱ्या छोट्या तुकडीचे नेतृत्व खेळणाऱ्याच्या हाती देणारा ‘एक्सकॉम’ हा त्याचा एक गाजलेला खेळ. त्याच्या २०१२ आणि २०१६ मधील आवृत्त्यांमागे जेक सॉलोमन यांची कल्पकता होती. दोन दशकांहून अधिक काळ तेथे काम केल्यावर त्यांनी फेब्रुवारी २०२३ मध्ये संस्थेचा निरोप घेतला.

अशी वार्ता आली की चाहत्यांत साधारणतः तीन सूर उमटतात. पहिला शोकाचा: आता सारे संपले, पुढची आवृत्ती निघाली तरी तिच्यात राम असणार नाही. दुसरा संतापाचा: व्यवस्थापनानेच त्याला जावयास भाग पाडले असणार, किंवा, तोच कृतघ्न निघाला. तिसरा सूर सुटकेच्या निःश्वासाचा: मागचा खेळ ज्यांना रुचला नाही, त्यांना हा मनुष्य गेला हे बरेच झाले असे वाटते. हे तिन्ही सूर परस्परविरोधी दिसतात, पण त्यांचे गृहीतकृत्य एकच आहे. ते असे की, कृती ही एकाच माणसाची असते. तो आहे तोवर संस्था आहे आणि तो गेला की उरते ती केवळ वास्तू. हे गृहीतकृत्यच तपासून पाहिले पाहिजे.

गंमत अशी की, सॉलोमन यांची कीर्ती ज्या खेळावर उभी आहे, त्याची मूळ कल्पना त्यांची नव्हे. १९९४ मध्ये ज्युलियन गॉलप या इंग्लिश रचनाकाराने तो खेळ प्रथम घडविला होता. मूळ खेळ निघाल्यानंतर अठरा वर्षांनी दुसऱ्याने तो नव्याने उभा केला आणि नव्या पिढीने त्यालाच कर्ता मानले. याच स्टुडिओच्या ‘सिव्हिलायझेशन’ या खेळाची कथा तर याहून बोलकी आहे. एका मानवसमूहाला प्राचीन काळापासून अवकाशयुगापर्यंत नेणारा, आणि भारताचे नेतृत्व गांधीजींकडे सोपविणारा, हा खेळ सिड मायर यांनी ब्रूस शेली यांच्या साह्याने १९९१ मध्ये मायक्रोप्रोझ या संस्थेत निर्माण केला. १९९६ मधील दुसऱ्या आवृत्तीचे मुख्य रचनाकार मात्र ब्रायन रेनॉल्ड्स होते. त्याच वर्षी मायर, रेनॉल्ड्स आणि जेफ ब्रिग्ज यांनी मायक्रोप्रोझमधून बाहेर पडून फिरॅक्सिसची स्थापना केली. तिसऱ्या आवृत्तीचे काम चालू असतानाच, २००० मध्ये, रेनॉल्ड्स तेथूनही निघाले; तरी २००१ मध्ये ती आवृत्ती आली. चौथी २००५ मध्ये सोरेन जॉन्सन यांनी, पाचवी २०१० मध्ये जॉन शेफर यांनी, तर सहावी २०१६ मध्ये आणि सातवी २०२५ मध्ये एड बीच यांनी सिद्ध केली. वेष्टनावर नाव मात्र सर्वकाळ सिड मायर यांचेच राहिले!

हे कसे शक्य झाले? त्या स्टुडिओत एक दंडक पाळला जातो. नव्या आवृत्तीचा एक तृतीयांश भाग जुना ठेवावा, एक तृतीयांश सुधारावा आणि एक तृतीयांश सर्वस्वी नवा असावा, असा तो दंडक. वारसा चालविण्याचे याहून साधे आणि शहाणे सूत्र क्वचितच सापडेल. त्यात पूर्वसूरींचा मान आहे, त्यांच्या चुका दुरुस्त करण्याची मुभा आहे आणि उत्तराधिकाऱ्याला स्वतःची वाट शोधण्याचे स्वातंत्र्यही आहे.

हे सारे परदेशातील आणि आजचे झाले. परंतु महाराष्ट्राने असाच एक प्रसंग ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी अनुभवला आहे, आणि तोही एका स्टुडिओच्याच संदर्भात. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात स्थापन झालेली आणि १९३३ मध्ये पुण्यास आलेली प्रभात फिल्म कंपनी ही मराठी माणसाच्या अभिमानाची संस्था होती. व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी हे तिचे संस्थापक. त्यांतील शांताराम यांचे नाव दिग्दर्शक म्हणून सर्वांत तेजस्वी. ‘अयोध्येचा राजा’, ‘अमृतमंथन’, ‘कुंकू’, ‘माणूस’, ‘शेजारी’ ही त्यांची चित्रमालिका. १९४२ मध्ये भागीदारांशी झालेल्या मतभेदांनंतर त्यांनी प्रभात सोडली आणि मुंबईत राजकमल कलामंदिराची उभारणी केली. शांताराम गेले आणि प्रभात संपली, असा निष्कर्ष तेव्हापासून सरसकट काढला जातो.

या निष्कर्षाची कसोटी पाहण्यास नगरच्याच एका सुपुत्राची कारकीर्द उपयोगी पडते. अहमदनगर येथे १९१८ मध्ये जन्मलेले शाहू मोडक यांनी १९३९ मध्ये ‘माणूस’ या चित्रपटात पोलीस शिपायाची भूमिका केली. दिग्दर्शक अर्थातच शांताराम. पुढच्याच वर्षी त्यांनी त्याच स्टुडिओत ‘संत ज्ञानेश्वर’ साकारला. ज्ञानेश्वरी जेथे सांगितली गेली ते नेवासे याच जिल्ह्यातले. आणि नगरच्या ख्रिस्ती कुटुंबातील या नटाने रंगविलेला ज्ञानेश्वर मराठी घराघरांत पोहोचला. या चित्रपटाचे दिग्दर्शक मात्र दामले आणि फत्तेलाल होते. त्याच जोडीने १९३६ मध्ये ‘संत तुकाराम’ घडविला होता. मुंबईत एकाच चित्रपटगृहात तो वर्षाहून अधिक काळ चालला आणि व्हेनिसच्या महोत्सवातही गौरविला गेला. तात्पर्य, शांताराम प्रभातमध्ये असतानाही प्रभात म्हणजे एकटे शांताराम नव्हते. लेखक, संगीतकार, छायालेखक, नेपथ्य उभारणारे सुतार आणि रंगारी यांच्या एकत्रित कसबाचे ते नाव होते.

शांताराम गेल्यानंतरही १९४४ मध्ये प्रभातने ‘रामशास्त्री’ दिला. गजानन जागीरदारांनी रंगविलेला तो निःस्पृह न्यायाधीश रसिक विसरलेले नाहीत. १९४६ मधील ‘हम एक हैं’ या प्रभातच्याच चित्रपटातून देव आनंद प्रथम पडद्यावर आले. दुसरीकडे शांताराम यांनी १९४३ मध्ये ‘शकुंतला’, १९४६ मध्ये ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ आणि १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ हे चित्रपट दिले. त्यांच्या जाण्याने रसिकाच्या पदरात उणे पडले की अधिक, याचा हिशेब शोकाच्या भरात कोणी मांडत नाही.

अर्थात, चाहत्यांचा शोक अगदीच निराधार असतो, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. प्रभातला उतरती कळा लागली हे सत्य आहे. १९४५ मध्ये दामले यांचे निधन झाले आणि पुढल्या दशकाच्या आरंभी कंपनी बंद पडली. तिच्याच आवारात १९६० मध्ये सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. स्वतः प्रभातचे बहुतेक संस्थापकही कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून बाहेर पडलेले शिष्यच होते आणि त्यांच्यामागे ती कंपनीही फार काळ तगली नाही. कर्ता गेल्याने संस्था खचते, कधी कोसळतेही. पण अशा वेळी ‘तो का गेला?’ या प्रश्नाइतकाच ‘संस्थेत दुसरे कोण घडले होते?’ हा प्रश्न महत्त्वाचा असतो. चाहते पहिला प्रश्न शंभरदा विचारतात. दुसरा सहसा विचारीत नाहीत.

दुसऱ्या प्रश्नाचे एक उजळ उत्तर नगर जिल्ह्यातच मिळते. प्रवरेच्या काठी लोणी येथे शेतकऱ्यांच्या मालकीचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५०-५१ च्या हंगामात त्याचे पहिले गाळप झाले. विठ्ठलराव विखे पाटील हे त्याचे प्रवर्तक. वैकुंठभाई मेहता यांचे त्याला पाठबळ होते. कारखान्याचे पहिले अध्यक्षपद मात्र पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ यांच्याकडे होते. खासगी कारखानदार आणि सावकार यांच्यामध्ये सापडलेल्या शेतकऱ्याला स्वतःच्या भांडवलाचा आणि कारभाराचा धनी करावयाचे, या योजनेचे ते मुख्य रचनाकार. सुमारे दहा वर्षांनी ते अध्यक्षपदावरून दूर झाले आणि विखे पाटील अध्यक्ष झाले. एक विद्वान गेला आणि अल्पशिक्षित शेतकरी त्याच्या जागी बसला. पण गाळप थांबले नाही. कारण त्या दहा वर्षांत हिशेब कसा ठेवावा, सभा कशी चालवावी, सभासदाला उत्तर कसे द्यावे, याचे शिक्षण शेतकऱ्यांना कामातून मिळाले होते. गाडगीळ पुढे १९६७ मध्ये नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले आणि राज्यांना केंद्रीय साहाय्य वाटण्याचे त्यांचे सूत्र १९६९ पासून देशभर त्यांच्या नावाने ओळखले गेले. लोणीतून त्यांचे मोकळे होणे म्हणजे लोणीचा तोटा नव्हता. त्यांनी नेमून घेतलेले काम तडीस गेल्याची ती पावती होती.

येथेच या विषयाचे गांभीर्य ध्यानात येते. खेळाच्या चाहत्याने ‘त्याच्यावाचून काही होणार नाही’ असे म्हटले, तर फार तर एका खेळाची विक्री घटेल. पण हेच वाक्य कारखान्याच्या सभेत, शिक्षणसंस्थेच्या वर्धापनदिनी, बँकेच्या निवडणुकीत उच्चारले जाते, तेव्हा त्याचे परिणाम पिढ्यानपिढ्या भोगावे लागतात. साहेबांवाचून चालणार नाही, म्हणून साहेब आमरण पदावर राहतात. आणि साहेब गेल्यावर, साहेबांची आठवण म्हणून, त्यांच्या घरातील व्यक्तीला त्याच खुर्चीवर बसविण्यात येते. महाराष्ट्राच्या सहकारात आणि शिक्षणक्षेत्रात जी घराणी माजली, ती केवळ सत्तालोभातून माजली नाहीत. ज्यांना कर्त्याचा निरोप सोसवत नव्हता, अशा हजारो भाबड्या चाहत्यांनी त्यांना खतपाणी घातले. पद रिकामे झाले की ते भरण्यास योग्य कोण, याऐवजी मनाला लागलेली चुटपुट कोणामुळे शमेल, याचा विचार झाला. लोकांनी उभारलेली संस्था अशा रीतीने लोकांच्याच संमतीने वारसाहक्काची मालमत्ता बनते.

याची लहान आवृत्ती शाळेशाळेत दिसते. आवडत्या शिक्षकाची बदली झाली की गाव हळहळते, मुले रडतात, क्वचित शाळेला टाळेही लागते. हे प्रेम निर्मळ असते, त्याची चेष्टा करण्याचे कारण नाही. परंतु नवा शिक्षक येतो तेव्हा त्याच्या पहिल्याच तासाला त्याची तुलना गेलेल्याशी होऊ लागते आणि बिचाऱ्याला वर्षभर दुसऱ्याच्या सावलीशी झगडावे लागते. गेलेल्या शिक्षकाने मुलांना खरोखर शिकविले असेल, तर त्याचा पुरावा मुलांच्या अश्रूंत शोधावा, की त्याच्यामागेही ती मुले तितक्याच ओढीने पुस्तक उघडतात यात? कचेरीतही तेच. ज्या कारकुनाच्या रजेत एकही कागद सापडत नाही, त्याला आपण ‘कचेरीचा आधारस्तंभ’ म्हणतो. वस्तुतः त्याने कागद अशा रीतीने लावावयास हवे होते की, दुसऱ्यालाही ते हाती लागावेत.

मग चाहत्यांनी करावे तरी काय? प्रथम, श्रेयनामावली वाचण्याची सवय लावून घ्यावी. चित्रपट असो वा खेळ, शेवटी सरकणारी नावांची ती लांबलचक यादी म्हणजे कृतीचा खरा सातबारा होय. ती संपण्याआधीच आपण उठून जातो आणि मग एकाच नावाचा जयजयकार करीत राहतो. दुसरे, जाणाऱ्याचा जाण्याचा हक्क मान्य करावा. ज्याने वीस वर्षे दिली, त्याच्याकडे एकविसाव्या वर्षाची थकबाकी मागण्याचा अधिकार चाहत्याला नाही. तिसरे, येणाऱ्याला चुकण्याइतका अवधी द्यावा. आणि संस्थांनीही आपली कार्यपद्धती एखाद्याच्या डोक्यात न ठेवता कागदावर व सहकाऱ्यांच्या हातात उतरवावी. कर्ता असतानाच दुसरी फळी उभी करावी.

यांत कर्त्यांचा अवमान मुळीच नाही. प्रतिभावंत सारखे नसतात आणि एकाची जागा दुसरा जशीच्या तशी भरून काढू शकत नाही, हे कोण अमान्य करील? शांताराम यांच्यासारखा दिग्दर्शक किंवा गाडगीळांसारखा अर्थशास्त्रज्ञ मागणी नोंदवून मिळत नसतो. पण अशा माणसाच्या थोरवीचे माप त्याच्यावाचून किती अडले यावरून घ्यावयाचे, की त्याच्यामागे किती चालू राहिले यावरून, हे ठरविणे समाजाच्या हाती असते. पहिले माप वापरणारा समाज मखरे बांधीत बसतो. दुसरे वापरणारा माणसे घडवितो. आवडत्या रचनाकाराच्या जाण्याने आज खिन्न झालेल्या तरुणाने यांतले कोणते माप हाती घ्यावे, हे एवढ्यातच ठरविलेले बरे. उद्या तो शाळेच्या समितीवर, पतपेढीच्या संचालक मंडळावर किंवा ग्रामसभेत बसेल, तेव्हा त्याच्या हातात तेच माप असणार आहे.