भाताला शिव्या देण्याआधी

माझ्या चुलतभावाची पोलीस भरती दोन गुणांनी हुकली. त्यात थोडा हात माझाही आहे, म्हणून हे लिहितोय.

आमचं गाव गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात. पहाटे पाचला डांबरी रस्त्यावर उभे राहिलात तर आधी बुटांचे आवाज येतात, मग अंधारातून पोरं दिसतात. सगळी भरतीची. 1600 मीटर पाच मिनिटं दहा सेकंदांच्या आत काढलं की 20 पैकी 20 गुण. भाऊ सरावात 5:20 च्या आसपास येत होता.

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनियर. दिवसाचे नऊ तास खुर्चीत. खेळाडूंच्या डाएटचे व्हिडिओ बघून मी भात सोडला होता. चार किलो वजन उतरलं आणि तेवढंच शहाणपण डोक्यात चढलं. महाराष्ट्र एक्सप्रेसने घरी आलो आणि भावाला सांगितलं, "भात बंद कर. मोठे खेळाडू भात खात नाहीत."

तो म्हणाला, "दादा, भात सोडला तं धावू कसा?"

उत्तर म्हणून मी त्याला सहा रील्स पाठवल्या.

दीड महिना त्याने मन लावून पाळलं. सकाळी प्रोटीन पावडर, दुपारी दोन अंडी आणि काकडी, रात्री सॅलड. पावडरीचा एक डबा घरच्या महिन्याच्या किराण्याला जड जात होता. काकू विचारायची, "काहून रे, पोराचं तोंड उतरलं?" मैदानाच्या दिवशी तिसऱ्या फेरीत त्याचे पाय जड झाले. वेळ लागली 5:48. एका शर्यतीमागे शंभर कारणं असतात, सगळं खापर भाताच्या नावावर फोडता येत नाही. पण धावणाऱ्या पोराचं इंधन काढून घ्यायचा सल्ला माझाच होता.

आता माझा राग रील्सवर आहे, आणि त्या डोळे मिटून फॉरवर्ड करणाऱ्या माझ्यासारख्यांवरही.

खेळाडूचं ताट आपल्याला दिसतं, त्यामागचं कारण दिसत नाही. विराट कोहलीने मांसाहार सोडला, एवढंच आपण ऐकतो. 2020 मध्ये केव्हिन पीटरसनशी बोलताना त्याने सांगितलं होतं की 2018 च्या दक्षिण आफ्रिका दौऱ्यात त्याला मानेच्या मणक्याचा त्रास झाला, युरिक ॲसिड वाढलेलं निघालं, म्हणून त्याने खाणं बदललं. नोवाक जोकोविचने गहू सोडला, कारण गव्हातलं ग्लुटेन त्याच्या शरीराला सोसत नव्हतं. दोघांनी आपापल्या दुखण्यावर उपाय केला. शेजाऱ्याची औषधाची चिठ्ठी दाखवून आपण मेडिकलमधून गोळ्या घेतो का? मग ताट कसं उचलतो?

ताटामुळेच माणूस जिंकतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी उसेन बोल्टचं आत्मचरित्र वाचावं. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये तो रोज शंभराच्या घरात चिकन नगेट्स खात होता, असं त्यानेच लिहिलंय. तिथेच त्याने 100 आणि 200 मीटर, दोन्हींत विश्वविक्रम केले. त्या हिशोबाने गोंदियाच्या स्टेशनसमोर नगेट्सचं दुकान टाकायला हवं.

आणि "मोठे खेळाडू भात खात नाहीत" हे तर सरळ खोटं होतं. लांब पल्ल्याच्या शर्यतीत केनियाचे धावपटू जगात सगळ्यात पुढे. त्यांचं रोजचं जेवण म्हणजे उगाली, मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, सोबत पालेभाजी, घेवडा, दूध. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तिथल्या अव्वल धावपटूंना सुमारे तीन चतुर्थांश ऊर्जा कर्बोदकांतून मिळत असल्याचं दिसलं. त्यांची उगाली म्हणजे आपला भात. जोरात धावताना स्नायू साठवलेलं ग्लायकोजेन जाळतात आणि ते भरून येतं मुख्यतः कर्बोदकांतूनच. माझा भाऊ हे न शिकता सांगत होता. इंजिनियर असून मला कळलं नाही.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर लेख "आमचे आजोबा हेच खाऊन नव्वद जगले" या वळणावर जाईल. आमच्या भागातलं ताट आदर्श नाही. एचएमटीच्या भाताचा डोंगर, त्यावर पातळ वरण, कडेला चिमूटभर भाजी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची 2024 ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की धान्यातून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या 45 टक्क्यांपर्यंत ठेवावी. आमच्याकडे ती मर्यादा सकाळच्या जेवणातच मोडते. जुनं ते सगळं सोनंही नाही. लाखोरीची डाळ महिनोन्महिने मुख्य अन्न म्हणून खाल्ली तर पाय कायमचे लुळे पडू शकतात, हे याच मातीतलं ज्ञान आहे.

पण त्याच तत्त्वांत हेही लिहिलंय की शरीर कमावण्यासाठी प्रोटीन सप्लिमेंट टाळा. हे कुठल्या रीलमध्ये ऐकलंय?

मग पोराने प्रोटीन आणायचं कुठून? मी घरी बसून हिशोब केला. त्याचं वजन 60 किलो. साधारण माणसाला किलोमागे 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे 50 ग्रॅम. कसून सराव करणाऱ्याला 1.2 ग्रॅम किंवा त्याहून जास्त, म्हणजे किमान 72. दिवसाला 400 ग्रॅम तांदूळ धरला तर त्यातूनच 30 च्या आसपास. 80 ग्रॅम डाळीतून 18. दोन अंड्यांतून 12. मूठ-दीड मूठ फुटाण्यांतून 10. झाले 70. बोडीतली मासळी मिळाली त्या दिवशी हिशोब वर जातो. तांदळात लायसिन कमी, ते डाळीत भरपूर. डाळीत जे कमी, ते तांदळात. वरण-भात ही जोडी उगाच जुळलेली नाही. बदल एवढाच हवा की वरण घट्ट व्हावं, भाजी वाढावी, आणि फुटाणे हा पाहुण्यांचा खाऊ न राहता रोजचा व्हावा.

आणि मी? भात कमी करायची गरज होती ती मला. रोवणीच्या दिवसांत बाबा सकाळपासून बांधीत वाकलेले असतात. त्यांच्या ताटातला भात संध्याकाळपर्यंत जळून जातो. मी तेवढाच भात खाऊन खुर्चीत बसतो, तो पोटावर दिसतो. दोष भाताचा नाही, खुर्चीचा आहे. हा साधा हिशोब मी स्वतःसाठी बरोबर केला आणि भावाच्या अंगावर तसाच पेस्ट केला. इनपुट वेगळं, तर आउटपुट कसं सारखं येईल?

खेळाडूंकडून घ्यायचंच असेल तर हे घ्या. ते कामाच्या मापाने खातात. सरावाच्या दिवशी जास्त, विश्रांतीच्या दिवशी कमी. जेवायची वेळ सांभाळतात, झोप सांभाळतात. शर्यतीच्या तोंडावर ताटात नवा प्रयोग करत नाहीत. आणि आपल्याला काय सोसतं ते डॉक्टरला विचारून ठरवतात. यातल्या एकाही गोष्टीला पैसे पडत नाहीत, म्हणून त्याची जाहिरात दिसत नाही.

भाऊ परत रस्त्यावर आहे. भात सुरू झालाय, पावडर बंद. मागच्या आठवड्यात 5:16 लागले. नवी भरती कधी निघेल माहीत नाही, आणि त्याच्या वयाची मर्यादा थांबून राहणार नाही. ती दोन गुणांची फट मी भरून देऊ शकत नाही. रील्स पाठवणं मात्र बंद केलंय. त्याऐवजी दर महिन्याला काकूच्या खात्यावर अंडी-फुटाण्यांचे पैसे टाकतो.