परदेशी भाषेची पदवी : दोन वह्यांचा हिशेब



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रविवारी संध्याकाळी आम्ही समाजमंदिरात शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देत बसलो होतो. गर्दी ओसरल्यावर शेजारच्या चाळीतली एक मुलगी आईला घेऊन आली. जपानी हा मुख्य विषय घेऊन ती पदवी करते, हे आम्हांला ठाऊक होते. वस्तीत त्याचे कौतुकही होते. वडील सफाई खात्यात. पाय मोडल्याने चार महिने घरी बसून. घर चालावे म्हणून मुलीने दुसऱ्या वर्षानंतर शिक्षण थांबवून नोकरी धरायची, असे घरात ठरले होते. दोन वर्षे पूर्ण केली तर पदविका हातात पडते, असे तिला कोणीतरी सांगितले होते. ती मागायला कॉलेजात गेली, तर खिडकीवरून उत्तर मिळाले, "तुझे क्रेडिट कमी आहेत."

"काका, जपानीचे माझे सगळे पेपर सुटले, तेही चांगल्या मार्कांनी. मग कमी काय पडले?" मुलगी विचारत होती. आई म्हणाली, "दादा, पोरीनं रात्र रात्र बसून ती अक्षरं गिरवली. आता म्हणतात कागद मिळणार नाही."

आम्ही गुणपत्रिका पुढे ओढली. आम्हांला जपानी येत नाही, पण रकाने वाचता येतात. पहिल्या वर्षाच्या पर्यावरणाच्या पेपरापुढे "गैरहजर" होते. दोन क्रेडिटचा पेपर. "भाषेच्या मुलांना तो नुसता नावाचा असतो" असे वर्गात बोलले जाई, म्हणून त्या दिवशी ही जपानीचा अभ्यास करीत घरी बसली. पुन्हा परीक्षेची नोटीस लागली होती, ती इंग्रजीत, फळ्याच्या एका कोपऱ्यात. कोणी बोलावून सांगितले नाही, हिने विचारले नाही.

त्या रात्री आम्ही नियमांची पुस्तिका वाचून काढली. तेव्हा ध्यानात आले की परदेशी भाषेच्या पदवीला दोन वह्या असतात. एक क्रेडिटची, दुसरी तासांची. पहिली पूर्ण झाली नाही तर पदवी मिळत नाही. दुसरी पूर्ण झाली नाही तर पदवी मिळते, पण भाषा येत नाही. आपल्या घरांतून या दोन्ही वह्यांची माहिती फार थोड्यांना असते, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

आधी पहिली वही. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवीचा नवा आराखडा काढला. त्याप्रमाणे तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट लागतात, चार वर्षांच्या ऑनर्सला १६०. आता हे १२० कसे भरायचे ते पाहा. मुख्य विषयाचे, म्हणजे आपल्या जपानीचे, जर्मनचे किंवा फ्रेंचचे, ६०. दुय्यम विषयाचे २४. इतर शाखांतील विषयांचे ९. भारतीय भाषा आणि इंग्रजी यांचे ८. कौशल्याचे ९. पर्यावरण आणि तत्सम मूल्यवर्धित विषयांचे ६ ते ८. उन्हाळी इंटर्नशिपचे २ ते ४. बेरीज करा. जिच्यासाठी आपण नाव घातले ती भाषा निम्मी, बाकीचे निम्मे भलतेच! महाराष्ट्रातील विद्यापीठांनी या खात्यांची नावे आणि आकडे थोडेफार बदललेले आहेत, म्हणून आपल्या कॉलेजची पुस्तिका हाच अखेरचा पुरावा मानावा. पण तत्त्व सगळीकडे तेच. एका खात्यात जास्त भरले म्हणून दुसऱ्या खात्यातली तूट भरून निघत नाही. जपानीत नव्वद मार्क पडले तरी पर्यावरणाचे दोन क्रेडिट कोरे ते कोरेच.

मध्येच शिक्षण सोडावे लागले तर काय, हाही आपल्या घरांतला नेहमीचा प्रश्न. या आराखड्यात त्याची सोय आहे. पहिल्या वर्षानंतर ४० क्रेडिटवर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर ८० वर पदविका. मात्र दोन्हींसाठी उन्हाळ्याच्या सुट्टीत चार क्रेडिटचा व्यवसाय अभ्यासक्रम वेगळा करावा लागतो. आमच्या मुलीला याचा पत्ताच नव्हता. बाहेर पडलेल्याला तीन वर्षांच्या आत परत येता येते, आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करायची असते. मिळवलेले क्रेडिट २०२१ साली सुरू झालेल्या क्रेडिट बँकेत विद्यार्थ्याच्या नावावर जमा होतात. बँकेचे पासबुक आपण जसे भरून घेतो, तसे हे खाते दर सत्राला उघडून पाहिले पाहिजे.

आता दुसरी वही. एक क्रेडिट म्हणजे व्याख्यानाचे १५ तास, प्रात्यक्षिक असेल तर ३०. भाषेचे ६० क्रेडिट धरले, तर तीन वर्षांत वर्गातले तास होतात ९०० च्या आसपास. ९०० तास ऐकायला पुष्कळ वाटतात. पण अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची भाषा शिकविणारी संस्था आपल्या अधिकाऱ्यांसाठी जपानी, चिनी, कोरियन आणि अरबी या भाषांना वर्गातलेच २२०० तास धरते. म्हणजे वर्गात बसून निम्मीसुद्धा वाट संपत नाही. उरलेली वाट घरी चालायची असते. जपानीत दोन अक्षरमाला, प्रत्येकी ४६ मूळ अक्षरे. त्याशिवाय रोजच्या वापरातली म्हणून तिथल्या सरकारने ठरवलेली २१३६ चित्राक्षरे. ती परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ होणारी नव्हेत.

म्हणून कामावर घेणारे पदवीबरोबर पातळीही विचारतात. जपानीची परीक्षा पाच पायऱ्यांची, एन-५ सर्वांत खालची, एन-१ सर्वांत वरची. युरोपातील भाषांना ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पायऱ्या. पदवीच्या प्रत्येक वर्षी आपण कोणत्या पायरीवर आहोत, हे मुलांनी तपासत राहावे. जपानीच्या त्या परीक्षेत बोलण्याची चाचणी नसते, हेही ध्यानात ठेवावे. एन-३ चा कागद हातात आणि तोंड उघडत नाही, असे व्हायला वेळ लागत नाही.

हे वाचून कोणी म्हणेल, हे आपल्या मराठी शाळेतल्या मुलांचे काम नाही. आम्ही म्हणतो, आहे. परदेशी भाषेच्या वर्गात इंग्रजी शाळेतला आणि पालिकेच्या शाळेतला, दोघेही पहिल्या दिवशी निरक्षरच असतात. उलट आपल्याला थोडा फायदाच आहे. जपानीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, मराठीसारखेच. "वाताशि वा मिझु ओ नोमिमासु" म्हणजे शब्दाला शब्द लावून "मी पाणी पितो". इंग्रजीवाल्याला इथे वाक्य उलटे करावे लागते, आपल्याला नाही. जर्मनमध्ये तीन लिंगे आहेत. तो, ती, ते आपण आईच्या मांडीवर शिकलो. लिंग मात्र प्रत्येक शब्दाचे वेगळे पाठ करावे लागते, ती मेहनत चुकत नाही.

शिवाय परकी भाषा आपल्या समाजाला नवी नाही. शाळेत संस्कृतचा दरवाजा बंद झाला, तेव्हा बाबासाहेबांनी फारसी घेतली. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र आणि इतिहासाच्या ढीगभर अभ्यासक्रमांबरोबर त्यांनी फ्रेंच आणि जर्मनचे प्राथमिक अभ्यासक्रमही केले. पुढे १९२१ साली जर्मनीतील बॉन विद्यापीठात प्रवेशासाठी त्यांनी जर्मन भाषेत अर्ज लिहिला. त्यांच्या लेखी भाषा हे ज्ञानापर्यंत पोहोचण्याचे साधन होते. मुख्य विषय सोडून इतर पेपर "फालतू" म्हणणाऱ्या मुलांनी हे आठवावे.

प्रवेश कोठे घ्यावा? आधी एक प्रश्न विचारावा, वर्ग शून्यापासून सुरू होतो की भाषा आधी आलेली हवी? काही कॉलेजांत अकरावी-बारावीला ती भाषा घेतलेली असावी लागते. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात फ्रेंच, जर्मन, रशियन, स्पॅनिश, चिनी, जपानी, कोरियन, अरबी, फारसी अशा भाषांची बी.ए. ऑनर्स शून्यापासून शिकवतात. २०२२ पासून तेथील प्रवेश सीयूईटी या देशपातळीवरच्या परीक्षेतून होतो. हैदराबादला इंग्रजी आणि परदेशी भाषांचे केंद्रीय विद्यापीठ आहे. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमधील विद्यापीठाच्या विभागाचे प्रमाणपत्र आणि पदविका वर्ग प्रसिद्ध आहेत. ते अर्धवेळ असतात, नोकरी सांभाळून करता येतात. पण प्रमाणपत्र वेगळे आणि पदवी वेगळी, ही गल्लत करू नये. पदवीला मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा आधार मिळतो, खाजगी क्लासला मिळत नाही. जपान सरकार परदेशांतील विद्यार्थ्यांना एक वर्षासाठी बोलावते, तेही विद्यापीठात जपानी भाषा किंवा संस्कृती हा मुख्य विषय घेऊन पदवी करणाऱ्यांनाच.

पालकांना आमचे सांगणे एवढेच. तुम्हांला भाषा कळत नाही, हरकत नाही. दर सत्राला निकाल लागला की पोराला जवळ बसवून तीन प्रश्न विचारा. किती क्रेडिट जमा झाले? कोणता रकाना कोरा आहे? तो भरायची परीक्षा कधी आहे? आणि रोज रात्री जेवणानंतर एक तास टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवा. दहा बाय बाराच्या खोलीत दुसऱ्या वहीचे तास तिथेच भरायचे असतात. मोठ्याने वाचणाऱ्या पोरीला "काय बडबडतेस" म्हणू नका.

त्या मुलीचे काय झाले? दुसऱ्या दिवशी आम्ही रजा टाकून तिच्याबरोबर कॉलेजात गेलो. परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत संपायला तीन दिवस होते. तिने पर्यावरणाचा पेपर दिला आणि सोडवला. तोवर वडील कामावर रुजू झाले. आई अजून दोन घरच्या पोळ्या लाटते आहे, पण शिक्षण सोडायचा विषय मागे पडला. मुलगी आता तिसऱ्या वर्षाला आहे. परवा भेटली तेव्हा म्हणाली, "काका, रकाने सगळे भरले. आता तासांची वही भरतेय."

ज्यांच्या घरी कोरा रकाना असेल त्यांनी गुणपत्रिका घेऊन रविवारी संध्याकाळी समाजमंदिरात यावे. आम्ही असतोच.

जय भीम.