गच्ची कोणाची?

मुलुंड-बोरिवलीच्या गृहनिर्माण संस्थांपुढे ठेकेदार गोड प्रस्ताव ठेवतात: सौर पॅनेल आमची, गच्ची तुमची, दमडी गुंतवू नका, फक्त २५ वर्षे आमचीच वीज विकत घ्या. म्हणजे भांडवलाने ऊन मोजून विकायचे आणि सहकाराने त्याला जागा पुरवायची! २०२४च्या पंतप्रधान सूर्यघर योजनेने संस्थांच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान ठरवले. तो जनतेचाच पैसा. उरलेली रक्कम सभासदांनी वर्गणीने वा कर्जाने उभारावी. देखभाल गळ्यात पडेल, हे खरे. पण पंप आणि लिफ्ट संस्था आजवर सांभाळतेच आहे. इमारत पुनर्विकासाला निघाली तर स्वतःची पॅनेल उतरवून ठेवता येतात. भाडेकरारातून सुटण्याची किंमत किती, ते कलम सभासदांनी सर्वसाधारण सभेत मोठ्याने वाचायला लावावे.